खाते भरपूर, पण अंगी लागत नाही!

मराठीत एक भारी शब्दप्रयोग आहे, 'अंगी लागणं'. आज्जी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांच्या तोंडी असतो. 'पोर खातं चांगलं, पण मेलं अंगी लागत नाही.' या एका वाक्यात पोटाच्या डॉक्टरांचं अख्खं चॅप्टर मावलंय, असं मला गेल्या काही महिन्यांत पटलंय. म्हणजे प्रॉब्लेम ताटात नाहीये. ताट आणि अंग यांच्या मधे कुठेतरी आहे. आता या वाक्यातलं पोर काढा, तिथे मांजर टाका. झाला आपला या आठवड्याचा विषय तयार!

हसू नका. खारघर, कामोठे, नवीन पनवेल, कुठल्याही सोसायटीत बघा. वन बीएचके, दोघं नोकरीवाले, हार्बर लाइनवर रोजचे तीन तास. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणार कोण? मग मांजर! 'लो मेन्टेनन्स पेट' असा त्याचा फंडा सांगितला जातो. तो फंडा मांजराचं पोट ठीक असेपर्यंतच चालतो. एकदा ते बिघडलं आणि महिनाभर बिघडलेलंच राहिलं, की कळतं मेन्टेनन्स म्हणजे काय ते.

माझ्याकडे आहे ती सुंठी. रंग सुंठेचा, अंगही तसंच, वाळकं. नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका स्कूटीच्या सीटवर तिचा मुक्काम असायचा. तिथून ती लिफ्टनं नाही, जिन्यानं, स्वतःच्या पायांनी चौथ्या मजल्यावर आली आणि राहिली. डॉक्टरांच्या अंदाजानं वय दीड वर्षं. वजन २ किलो १०० ग्रॅम. आपल्याकडची देशी मांजरी साधारण ३ ते ४ किलोची असते. म्हणजे हिचा तिसरा हिस्सा गायबच होता. आणि भूक? सॉलिड! वाटी खाली ठेवायच्या आत तोंड आत. दिवसाला चार वेळा खाणं, आणि पाच वेळा लिटर बॉक्स. पातळ, पिवळट आणि असा वास, की शेजारचे काका एकदा 'ड्रेनेज चोक झालंय का?' म्हणून विचारायला आले होते.

आपल्याकडे डॉक्टरच्या आधी सल्ला येतो, आणि तो फुकट असतो. काकूंचं म्हणणं, दूध-पोळी कुस्करून दे, महिन्यात गुटगुटीत होईल. आई फोनवर म्हणाली, "अगं, दहीभात दे, पोटाला थंड." मच्छी मार्केटमधल्या मावशी तर माझ्यावर चिडल्याच. "मांदेली टाक तिला, कच्चीच! मांजराला शिजवून कोण देतं गं?" जिमवाल्या मित्राचं मत, उकडलेली अंडी वाढव. आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी चक्क माणसांच्या जुलाबाच्या गोळीचा फोटो टाकला.

या सगळ्यांचं प्रेम खरं आहे. विज्ञान मात्र थोडं वेगळं आहे.

दुधाचं बघा. पिल्लू आईचं दूध पितं तेव्हा त्याच्या आतड्यात लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज भरपूर असतं. दूध सुटलं की ते कमी होत जातं. मोठ्या मांजराला वाटीभर गाईचं दूध दिलं, की न पचलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ठणठणीत मांजराला हे कधी खपून जातं. आधीच जुलाब चालू असलेल्या मांजराला नाही. कार्टूनमधली दुधाची बशी विसरा.

मावशींच्या मांदेलीबद्दल मला जरा जपून बोलावं लागेल, कारण मी मासे तिथूनच घेते. मांजराला मासा आवडतो हे खरंच. पण काही माशांत कच्चेपणी थायमिनेज नावाचा पदार्थ असतो आणि तो थायमिन, म्हणजे बी-१, मोडून टाकतो. मासा शिजवला की तो नष्ट होतो. रोज नुसताच तेलकट मासा दिला तर ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि शरीरातली चरबीच सुजून दुखायला लागते. शिवाय १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. तेव्हा पनवेलच्या बाजारात मांजरांच्या वाट्याला येतो तो सुका जवळा आणि बोंबलाची डोकी. म्हणजे मिठाचा खडाच. बिघडलेल्या पोटावर हे औषध कसं होईल?

दहीभात, चिकन-भात वगैरेंचा मुद्दा जरा खोल आहे. मांजर शंभर टक्के मांसाहारी प्राणी. आपल्याला किंवा कुत्र्याला शरीरात बनवता येतात अशा काही गोष्टी त्याला मांसातूनच आयत्या लागतात. त्यातली सगळ्यात फेमस म्हणजे टॉरिन. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवलं, की टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या हृदयाचे स्नायू सैल होऊन हृदय फुगतं, आणि टॉरिन दिलं की बऱ्याच मांजरांत ते सुधारतं. त्यानंतर कंपन्यांनी कॅटफूडमध्ये टॉरिनचं प्रमाण वाढवलं. आता आपण काय करतो? चिकन उकडतो आणि पाणी ओतून देतो. टॉरिन पाण्यात विरघळतं, म्हणजे तेही त्या पाण्याबरोबर सिंकमध्ये! दोन-चार दिवस पोटाला आराम म्हणून उकडलेलं चिकन ठीक आहे. महिनोन्‌महिने तेच दिलं तर टॉरिनही कमी आणि कॅल्शियमही.

आणि माणसांच्या गोळ्यांबद्दल फक्त एकच सांगते. आपल्या घरात डोकेदुखीला सहज खाल्ली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. त्याच्या यकृताला ती निकामी करताच येत नाही. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, तेही मांजराला विष. मेडिकलवाला कितीही कॉन्फिडन्सने देऊ दे, नाही म्हणजे नाही.

बरं, मग करायचं काय?

पहिलं काम, मोजणं. मला गणित कधीच आवडलं नाही, पण या प्रकरणात तोच माझा बेस्ट फ्रेंड ठरला. 'जरा भरलीय ना गं?' 'नाही गं, उतरलीय.' असं रोज बघून काही कळत नाही. माणसांच्या वजनकाट्यावर मांजर घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, ही युक्ती बऱ्या वजनाच्या बोक्याला चालते. दोन किलोच्या जिवाला शंभर ग्रॅमची चूकसुद्धा मोठी असते. स्वयंपाकघरातला पाच-दहा किलोचा डिजिटल काटा घ्या. त्यावर टोपली ठेवून शून्य करा, टोपलीत मांजर. (टोपलीत मांजर ठेवावं लागत नाही, रिकामी टोपली दिसली की ते आपोआप भरतं.) दर शनिवारी, सकाळच्या खाण्याआधी, त्याच काट्यावर. वहीत तारीख आणि आकडा.

डॉक्टर वजनाबरोबर हातानेही बघतात. नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी असते, त्यात पाच म्हणजे परफेक्ट. घरी करायची सोपी टेस्ट अशी : तळहात खाली करून हात सपाट पसरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी बोटांच्या मुळाशी चाचपून बघा. मांजराच्या बरगड्या तशा लागल्या तर मस्त. मूठ वळल्यावर वरची हाडं लागतात तशा लागल्या, तर मांजर वाळलंय. सुंठीच्या बरगड्या तर चाचपायचीही गरज नव्हती, नुसत्या दिसायच्या. डॉक्टरांनी तिला नवापैकी दोन दिले. शाळेतसुद्धा मला गणितात याहून जास्त होते.

दुसरी मोजणी जरा घाण आहे, पण करा. लिटर बॉक्समधली. दिवसातून किती वेळा, किती, किती पातळ, चिकट आव आहे का, रक्त आहे का, जेवणानंतर उलटी झाली का. डॉक्टरांसाठी ही माहिती सोन्यासारखी असते. मोठ्या प्रमाणात, दिवसातून दोन-चारदा आणि वजन उतरतंय, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात. थोडं थोडं, सारखं सारखं, कुंथून आणि आव-रक्तासकट, तर बहुधा मोठ्या आतड्यात. माझ्या फोनची गॅलरी तेव्हा अशा फोटोंनी भरली होती. एका एडिटरना लेखाचे फोटो दाखवताना बोट दोन फोटो पुढे सरकलं, तो किस्सा पुन्हा कधीतरी.

तीन आठवड्यांहून जास्त चाललेले जुलाब डॉक्टरांच्या भाषेत 'क्रॉनिक'. सहन होतंय, खातेय, खेळतेय म्हणून तिथे थांबायचं नसतं. 'हिची प्रकृतीच नाजूक' हे निदान नाही, ती आपण आपली काढलेली समजूत आहे.

आता जंत. रस्त्यावरून आलेल्या मांजरात पहिला संशय त्यांच्यावरच, आणि तो योग्यच. गोल जंत पिल्लाला आईच्या दुधातूनच येऊ शकतात. पट्टकृमीची वाट वेगळी आहे, तो पिसवेतून येतो. मांजर अंग चाटताना पिसू गिळतं, पिसवेच्या पोटात कृमीचं पिल्लू. शेपटीखाली भाताच्या शितांसारखं काही चिकटलेलं दिसलं, तर समजा तोच. दोघांची औषधं वेगळी असतात. आणि पिसवा न काढता नुसती जंताची गोळी दिली तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. सुंठीला जंताचं औषध दिलं, पिसवांचं दिलं. चार दिवस झक्कास गेले. पाचव्या दिवशी ड्रेनेज पुन्हा चोक.

इथेच बहुतेक जण वैतागून एकदम सगळं बदलतात, असं डॉक्टर म्हणाले. नवं फूड, नवं प्रोबायोटिक, वर उरलेली अँटिबायोटिकची गोळी. मग बरं वाटलं तरी कशानं ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तिला पुरेसा वेळ द्यायचा. एवढा एकच नियम त्यांनी मला दिला, आणि माझ्यासारख्या अधीर बाईला तोच सगळ्यात कठीण गेला.

पुढची पायरी, शी तपासणं. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दिवशीची. जिआर्डिया नावाचा एक सूक्ष्म जीव आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो आणि त्याच्या कवचाच्या पुटकुळ्या रोज बाहेर पडत नाहीत. आज नमुना क्लीन, परवा सापडतो. नमुना ताजाही हवा. एका लॅबमध्ये मी डबी घेऊन गेले, तर काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म भरायला घेतला. पेशंटचं नाव? सुंठी. वय? दीड वर्षं. "बेबीला ताप पण आहे का, मॅडम?" मी म्हटलं, "नाही, पण शेपूट आहे." मग तिनं मला प्राण्यांचे नमुने घेणाऱ्या लॅबचा पत्ता दिला.

पहिला नमुना क्लीन. दुसरा क्लीन. तिसऱ्यात जिआर्डिया!

विचित्र आहे, पण मला जाम आनंद झाला. शत्रूला नाव मिळालं ना! पाच दिवसांचं औषध झालं. त्याबरोबरची कामं औषधापेक्षा जास्त होती. लिटर बॉक्समधली घाण दिसली की लगेच काढायची, बॉक्स धुऊन उन्हात वाळवायचा, तिचा मागचा भाग पुसून स्वच्छ ठेवायचा, कारण केसांना चिकटलेल्या पुटकुळ्या चाटून ती पुन्हा गिळते. हा जीव पाण्यातूनही पसरतो. जुन्या पनवेलला येणारं देहरंग धरणाचं पाणी असो, की मे महिन्यात सोसायटीत येणारा टँकर, तिच्या वाटीत उकळून गार केलेलंच. काकू म्हणाल्या, "आमच्या लेकरांना नाही गं कधी एवढं केलं." तरुण मांजरांत ट्रायट्रायकोमोनास नावाचा याचाच एक लांबचा भाऊबंदही सापडतो. त्याला वेगळी, पीसीआर टेस्ट लागते आणि वेगळं औषध. नेहमीच्या कडू पांढऱ्या गोळीनं तो जात नाही. सुंठीत तो निघाला नाही. आणि ती कडू गोळी कुणी दिली असेल आणि मांजराच्या तोंडाला फेस आला असेल, तर घाबरू नका. तो बहुतेक वेळा चवीचा निषेध असतो.

शी सुधारली. घट्ट, दिवसातून दोनदा. शेजारचे काका विचारायचे थांबले. पण वही उघडली तर २.१, २.१५, २.१, २.१५. सहा आठवडे काटा जागचा हलला नाही. अंगी लागत नाही म्हणजे काय, ते मला वहीच्या त्या पानावर दिसलं. जुलाब थांबले तरी खाल्लेलं जात होतं कुठे?

तेव्हा रक्त तपासलं. यकृत ठीक, मूत्रपिंड ठीक, मांजरांच्या ल्युकेमियाचा आणि एफआयव्हीचा विषाणू नाही. (मांजर दहाच्या पुढचं असेल, भरपूर खात असेल आणि तरी वाळत असेल, तर थायरॉइड आधी तपासा. त्या वयात तो नेहमीचा संशयित आहे.) सापडलं ते बी-१२. खूपच कमी. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. तो भाग दीर्घकाळ सुजलेला असला की शोषण थांबतं, आणि मांजराचा साठा माणसासारखा वर्षानुवर्षं पुरत नाही. गंमत अशी, की बी-१२ कमी असलं की आतड्याची दुरुस्तीसुद्धा नीट होत नाही. म्हणजे आतडं बिघडलं म्हणून बी-१२ नाही, आणि बी-१२ नाही म्हणून आतडं बरं होत नाही. हे चक्र तोडल्याशिवाय बाकी कितीही चांगलं खाऊ घाला, काटा हलत नाही. आठवड्याला एक इंजेक्शन, सहा आठवडे. स्वस्त आहे. आमच्या एकूण खर्चातली ही एकमेव स्वस्त गोष्ट.

खर्चाचं बोलूनच टाकू. फ्रीलान्सरचं पेमेंट कसं येतं ते तुम्हाला माहितीये, पुढच्या महिन्याच्या पुढच्या महिन्यात. मांजराचं आतडं तोवर थांबत नाही. म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, सगळ्या टेस्ट एकदम नको, आधी कुठली केली तर सगळ्यात जास्त कळेल? त्यांना हा प्रश्न अजिबात खटकला नाही. शी आणि जंत आधी, मग रक्त, मग सोनोग्राफी, आणि शेवटी गरज पडली तरच भूल देऊन आतड्याचा तुकडा. असा क्रम त्यांनी कागदावर लिहून दिला. तुम्हीही लाजू नका, विचारा.

सोनोग्राफीसाठी आम्ही मुंबई गाठली. पनवेलकरांना गंभीर आजारासाठी मुंबईला जाण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आता मांजरंही त्याच वाटेनं जातात. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे. सर दिनशॉ पेटिट यांच्या पत्नीच्या नावानं. ते उभं राहिलं तो १८८० च्या दशकातला काळ म्हणजे घोड्यांच्या ट्रामचा आणि बैलगाड्यांचा, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २०२४ पासून महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांसाठीचं चोवीस तास चालणारं मोठं हॉस्पिटलही आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाल्यापासून आपल्याकडून परळ एकदम जवळ आलंय, पूल उतरला की शिवडी. कॅबवाल्याला आधी फोन करून सांगा की सोबत मांजर आहे, पिंजरा आहे. सुंठीनं अख्खे २१.८ किलोमीटर न थांबता एकाच सुरात भाषण केलं. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, टोलचा विरोध करतेय."

सोनोग्राफीत लहान आतड्याची भिंत थोडी जाड दिसली. गाठ नाही, अडकलेलं काही नाही. आता इथे दोन शक्यता राहतात. एक, आतड्याला आलेली दीर्घकाळची सूज. दुसरी, लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार, जो मांजरांत हळूहळू वाढतो आणि सोनोग्राफीत सुजेसारखाच दिसू शकतो. खात्री करायची तर आतड्याचा तुकडा काढून तपासायला हवा. डॉक्टर म्हणाले, लिम्फोमा जास्त करून म्हाताऱ्या मांजरांत दिसतो, दीड वर्षाच्या मांजरीत शक्यता कमी. पण 'कमी' म्हणजे शून्य नाही. त्या रात्री मी झोपले नाही, आणि ती माझ्या पोटावर मजेत झोपली. दोन किलो शंभर ग्रॅमला भूल द्यायची म्हणजेही रिस्कच. म्हणून ठरलं ते असं, आधी खाण्याची ट्रायल. ती फेल गेली, तर बायॉप्सी.

फूड ट्रायल ऐकायला सोपी वाटते. एकच अन्न, बाकी काहीच नाही. एक तर तिनं आयुष्यात कधीच खाल्लं नाही अशा प्राण्याचं मांस, नाहीतर हायड्रोलाइज्ड फूड. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात, की शरीराच्या सिक्युरिटी गार्डला ते ओळखूच येत नाहीत आणि तो शिट्टी वाजवत नाही. पोटाचा फरक बहुतेक वेळा दोन आठवड्यांत दिसतो. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत, आठवडाभरात पूर्ण बदल. आमच्याकडे पाकीट आलं ते माझ्या लाइटबिलाच्या दुप्पट किमतीचं. सुंठीनं वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पायानं फरशी उकरून ते पुरायचा अभिनय केला! कोमट पाणी शिंपडलं तेव्हा वास सुटला आणि खाल्लं. एका वेळी भरपूर नाही, थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात. वाळलेल्या मांजरासमोर एकदम डोंगर ठेवला, की बिघडलेलं आतडं तो डोंगर तसाच पुढे ढकलतं.

खरी परीक्षा मांजराची नाही, सोसायटीची होती. ट्रायल म्हणजे वॉचमन दादांच्या डब्यातला चिकनचा तुकडा बंद, मावशींची मांदेली बंद, काकूंची 'जराशी साय, तिला काय होतंय' बंद. दारावर मी कागद लावला : 'सुंठीचा उपास सुरू आहे.' उपास म्हटल्यावर सगळ्यांना बरोबर समजलं. 'डाएट ट्रायल' म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

दुसऱ्या शनिवारी २.२२. मग २.३. मग २.४५. बी-१२ चालू, फूड चालू, बाकी सगळं जिथल्या तिथे. पाठीचा कणा आधी दिसेनासा झाला, मग मांड्या भरल्या. केसांना चकाकी आली. दहाव्या आठवड्यात ती फ्रिजवर चढली, आणि तिथून टपावर ठेवलेला माझा मग पाडला. हे मी वहीत 'प्रगती' या रकान्यात लिहिलंय.

आज वजन २.८४. बायॉप्सी सध्या लांबणीवर, रद्द नाही. लागोपाठ दोन आठवडे काटा खाली गेला तर परळ, असं ठरलंय. लसी राहिल्या होत्या, त्या आता देता येतील. नसबंदीही वजन नव्हतं म्हणून अडली होती, त्याची तारीख मिळालीये.

तुमच्याकडे असं मांजर असेल तर वही आजच सुरू करा. पण काही गोष्टींत वहीची वाट बघायची नाही. शीमध्ये बरंच रक्त, सारख्या उलट्या, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या, मांजर कोपऱ्यात बसून हलत नाही, किंवा अख्खा दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साठते आणि यकृत बंद पडू शकतं. जाडजूड मांजरांना तर हा धोका जास्तच.

आमची पुढची पायरी येत्या रविवारी. खरंच अन्नाचाच दोष होता का, हे बघायला जुना पदार्थ थोडासा परत द्यायचा आणि काय होतं ते बघायचं. चिकनचा एक छोटा तुकडा, उकडलेला. पुन्हा जुलाब लागले तर चिकन तिच्या आयुष्यातून कायमचं बाद, नाही लागले तर पुढचा पदार्थ. मला टेन्शन आलंय. काकूंना सगळं सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "बरं, मग दुधाचा नंबर कितवा?"